बाबांची गोळी आणि माझी गोळी

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार उभ्यानेच. (साष्टांग घालणार होते, पण हल्ली वाकून एकदम उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.) तुझे गुडघे काय म्हणतात? मोतीबिंदू पिकला का? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय चाललंय ते मलाही नीटसं उमगलेलं नाही, तूच वाचून कळव.

फोनवर सांगितलंच होतं की डॉक्टरीणबाईंनी मला दोन औषधं सुरू केली. एक बाईपण आणणारं आणि दुसरं अंगातल्या पुरुषी संप्रेरकाला दाराबाहेर थोपवून धरणारं. पहिल्याबद्दल तक्रार नाही. दुसरं मात्र मुळात अंगातलं पाणी काढणारं, रक्तदाब उतरवणारं. पुरुषपण अडवणं हा त्याचा जोडधंदा. आणि मूळ धंदा काही ते विसरत नाही. मी पडले मोटार शिकवणारी. शिकाऊ माणसाला भर चौकात सोडून जाता येत नाही, म्हणून मी त्याला घेऊनच स्वच्छतागृह गाठते. (आत कोणत्या दाराने जायचं हा स्वतंत्र अध्याय आहे, तो समक्ष भेटीत.) परिणामी माझे विद्यार्थी उलट्या गिअरमध्ये गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावायला इतक्यांदा शिकतात, की परीक्षेत त्यांचा हात कोणी धरत नाही. शाळेचे मालक मला माझी पद्धत विचारतात. काय सांगू? त्यात मीठ खावंसं वाटतं, नुसतं, चिमूट चिमूट. केळी मात्र बेताने खायला सांगितलीत, या गोळीने रक्तात पोटॅशियम साठतं म्हणे. आणि रागाचं तर मला कोडंच पडलंय. परवा एका निवृत्त कारकुनाने ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मी माझा ब्रेक मारेपर्यंत शाळेच्या दारातली कुंडी फोडली. पूर्वी मी आकाशपाताळ एक केलं असतं. या वेळी कुंडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला त्यांचीच दया आली. आता हा माझा स्वभाव की गोळीचा गुण? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही असेल. हे काय उत्तर झालं?

आता तुझ्या भावाचं. मी सगळं सांगितल्यापासून बाबा माझ्याशी अबोला धरून आहेत असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. ते बोलतात, फक्त मला जोडून क्रियापद वापरत नाहीत. 'आलास' म्हणायची चोरी आणि 'आलीस' म्हणायची तयारी नाही, म्हणून 'जेवण झालं का', 'झोप लागली का', 'चावी कुठे'. आपल्या भाषेत एवढ्या पळवाटा आहेत हे मला माहीतच नव्हतं. तर गेल्या महिन्यात आम्ही दोघं औषधाच्या दुकानात गेलो. बाबांच्या हृदयासाठी त्यांच्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली होती. दुकानदाराने दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोठ्याने विचारलं, "तुमची दोघांची गोळी एकच आहे, एकाच पिशवीत देऊ का?" बाबांनी आपली गोळी उचलून शर्टाच्या खिशात घातली आणि माझ्या पुढे चालायला लागले.

त्यानंतर एक दिवस पाहते तर मी टाकायला काढलेले माझे जुने पुरुषी बूट बाबांच्या पायात. माझा पाय त्यांच्यापेक्षा मोठा, तरी बूट गच्च बसलेले. पाय सुजून नुसते खांब झाले होते. मी घाबरले. विचारलं, "बाबा, गोळी घेताय ना?"

"बंद," ते म्हणाले.

"कधीपासून? का?"

ते जिन्याच्या पायरीवर बसले. "त्या गोळीने... म्हणजे मलाही..." एवढं म्हणून त्यांनी माझ्या कानातल्यांपासून पायापर्यंत हात फिरवून दाखवला. मला समजायलाच वेळ लागला. मग म्हटलं, "एका गोळीने कोणी बाई होत नाही हो. होत असतं तर मी एवढी वर्षं रखडले असते का?"

ते हसले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "छातीला हात लागला की दुखतं. शर्टाचं बटण लागलं तरी दुखतं."

"माझंही," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "मग तू काय करतेस?"

आणि नेमकं त्याच क्षणी वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला ड्रिल लावलं. म्हणजे 'करतेस' होतं की 'करतोस', मला शपथेवर सांगता येणार नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. सैल सुती बनियन घालायचं, पालथं झोपायचं नाही, एवढं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काही पुरुषांना असा त्रास होतो म्हणाले, गोळी बदलून दिली आणि स्वतःच्या मनाने बंद केल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. सूज उतरते आहे. माझे बूट मात्र ते परत देत नाहीत.

तुझी भाची
(लाड तेवढे भाच्याचे होते तसेच चालू ठेव)

ता. क. एक काम आहे. बाबांना सहज फोन कर आणि बोलता बोलता माझा विषय काढ. मी काय करते, कशी आहे, असं काहीही विचार. ते उत्तरात कोणतं क्रियापद वापरतात ते नीट ऐक आणि मला कळव. मी विचारायला सांगितलंय हे कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. आत्ताच स्वयंपाकघरातून 'जेवतेस ना?' असं ऐकू आलं. पण शेजाऱ्यांची मांजर रोज या वेळी आमच्या खिडकीत येते, आणि तिच्याशी बाबा सगळी क्रियापदं वापरतात. तेव्हा फोन करच.

आणखी एक. मी जाऊन पाहिलं. खिडकी बंद होती आणि ताटं दोन वाढलेली होती. तरीही फोन कर. दुसऱ्या कोणाकडून ऐकायचंय मला.