धाकट्याची किरमिजी गाडी

२ फेब्रुवारी

धाकट्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. उशाशी ऑक्सिजनचं मशीन, दिवसभर घुरघुरतं. आई गेल्यापासून आम्ही दोघं भावंडं एका घरात राहिलोच नव्हतो. आता राहतोय, ते असं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. इतकी वर्षं गॅरेजात गाड्यांना रंग मारला, तो सगळा फुप्फुसात जाऊन बसलाय. बरं होणं नाही, आहे तेवढं जपायचं. रंगाचा, थिनरचा नुसता वाससुद्धा नको. घरात नेलपॉलिशही उघडू नका, म्हणाले. मी माझ्या नखांकडे पाहिलं. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासून घासून नखं उरलीत कुठे!

४ फेब्रुवारी

बोलत नाही. छताकडे बघत पडून असतो. अर्धंच जेवला.

८ फेब्रुवारी, रविवार

कपडे काढायला त्याची ट्रंक उघडली. तळाशी दोन खोकी — प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोट्या गाड्या बनवायचे संच. कागदसुद्धा फाडलेला नाही. एकावर जुन्या जमान्यातली दोन दारांची गाडी, दुसऱ्यावर लांबलचक, मोठ्या इंजिनाची.

खेळणी होय रे, असं विचारलं तर हसायला गेला, आणि खोकल्याची उबळ आली. पाठ चोळली, पाणी दिलं. मग एकेका श्वासाला एकेक वाक्य करत सांगितलं. या दोन्ही मिळून एकच गाडी करायची. अंग जुनीचं, इंजिन दुसरीचं. छप्पर कापून खाली आणायचं. बॉनेट लावायचंच नाही, इंजिन उघडं. पुढून बसकी, मागे जाडजूड चाकं. हॉट रॉड म्हणतात तिला. वेळ मिळाला की करू म्हणून घेऊन ठेवले होते. आता वेळच वेळ आहे, तर औषधांनी हात थरथरतात.

"तू करशील का, ताई? मी सांगतो तसं."

मी म्हटलं, बघू. तो खिडकीकडे वळला. स्वयंपाकघरात जाऊन मी मलाच शिव्या घातल्या. बघू काय, बघू!

९ फेब्रुवारी

सांगितलं त्याला, करते म्हणून. नुसती मान हलवली. पण जेवला सगळं.

११ फेब्रुवारी

लॅबमधली बारीक करवत आणि कानशी घरी आणल्या. भाग सगळे चौकटीत अडकलेले असतात, एकेक कापून काढायचा, साबणाच्या पाण्यात धुवायचा, टॉवेलवर मांडायचा. त्याच्या पलंगावरच मांडले. एक एक उचलून तो सांगत होता — हा एक्झॉस्ट, हा गिअरबॉक्स, हे फेकून दे. किती दिवसांनी आवाज चढवून बोलला! फेकून दे, म्हणताना.

गमला मात्र वास येतो. म्हणजे चिकटवायचं सगळं गच्चीवर. तिथेच वाळवायचं, वास पूर्ण गेल्याशिवाय खाली आणायचं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज छप्पर कापलं. छपराचे खांब मधून थोडे थोडे उडवले, छप्पर खाली टेकवलं — तर बसेचना. खांब तिरके असतात ना, आखूड केले की वरचं आणि खालचं जुळत नाही. मला वाटलं, घालवली मी गाडी. त्याला दाखवायला नेलं तर म्हणाला, खऱ्या गाडीतही असंच होतं. छप्पर आडवं काप, मध्ये पट्टी घाल.

कापलं, पट्टी घातली. गम वाळल्यावर कानस फिरवली. संध्याकाळी बसलं एकदाचं. त्याने बोट फिरवून पाहिलं.

"कवळी छान बसलीये," म्हणाला.

दोघंही हसलो. आवरत हसलो, त्याच्या खोकल्याच्या धाकाने. हसायचंसुद्धा मोजून.

१९ फेब्रुवारी

भांडलो. मीच सुरुवात केली. इंजिनाच्या नळ्या गमाशिवाय नुसत्या बसवून बघताना मनात घोळत होतं ते तोंडातून गेलं — मास्क का लावला नाहीस कधी? तो म्हणाला, लावायचो. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. मग म्हणाला, मास्क लावला की रंग कळत नाही. पातळ झाला की दाट राहिला, ते वासावर कळतं.

वासावर! आणि आता श्वास घ्यायला मशीन.

मी चिमटा आपटला आणि लॅबला गेले. दिवसभर कुणाच्या तरी पुढच्या चार दातांची रंगछटा जुळवत बसले. जुळेचना. डोळे सारखे भरून येत होते. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, पावडर गेली वाटतं डोळ्यांत. म्हटलं, हो.

२० फेब्रुवारी

अबोला. मग त्यानेच विचारलं, इंजिन वर आलंय का खाली राहिलंय. म्हटलं, वर आलंय. "असू दे," म्हणाला. "दिसलं पाहिजे."

२४ फेब्रुवारी

ताप. दवाखान्यात ठेवलं.

२८ फेब्रुवारी

अजून तिथेच. गाडी गच्चीवर खोक्याखाली झाकून ठेवलीये. हात लावावासा वाटत नाही. त्याच्याशिवाय करायची तर कुणासाठी करायची?

३ मार्च

घरी आला. आणखी वाळला. मशीनचा काटा आता वरच्या आकड्यावर असतो. डॉक्टर काही म्हणाले नाहीत या वेळी, नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा काही बोलले असते तर बरं झालं असतं.

गॅरेजचा मालक भेटायला आला. फळं आणली. पायातल्या बुटांकडे बघत दारातच उभा राहिला. मला वाटलं होतं, हा माणूस समोर आला की चार शब्द सुनवीन. पण त्याचाही श्वास दोन जिने चढून फुलला होता, तोही त्याच हवेत वाढलेला. पाणी दिलं. गाडीचं अंग टेबलावर होतं, ते उचलून त्याने बराच वेळ पाहिलं. छप्पर कोणी कापलं, विचारलं. मी म्हटलं, मी. उद्यापासून कामावर या, म्हणाला. धाकटा हसला.

जाताना जिन्यात मला म्हणाला, "ताई, आमच्याकडे त्याला चमक्या म्हणतात. ठोकलेली गाडी त्याने रंगवली की गाडीवाल्यालासुद्धा सापडायचं नाही कुठे ठोकली होती ते."

मला हे माहीत नव्हतं. सख्ख्या भावाचं कौतुक मी जिन्यात ऐकलं.

४ मार्च

त्याला विचारलं, खरं का रे? म्हणाला, "माझं काम चांगलं झालं की ते दिसत नाही, ताई. दिसलं की बिघडलं." मग मशीनचे बरेच श्वास घेऊन — लोकांना पांढरीच गाडी हवी असते. फार तर करडी. जन्मभर पांढऱ्यात पांढरं मिसळलं.

मग या गाडीला कोणता, विचारलं. लगेच उत्तर! तयारच होतं. किरमिजी. पण साधा नाही. खाली सोनेरी, त्यावर काचेसारखा लाल, पातळ पातळ हात, एकावर एक. उन्हात आतून पेटल्यासारखा दिसतो म्हणे. गॅरेजात एकदाही कुणी मागितला नाही.

७ मार्च

सोनेरीचा फवारा मारला. गच्चीवर, मास्क लावून. अंघोळ करून, कपडे बदलून मगच त्याच्याजवळ गेले. तरी त्याने नाक वर केलं. "दाट मारलास," म्हणाला. साबणाचा वास होता नुसता! पण दाट मारला होता, हेही खरं.

८ मार्च, रविवार

लालचे ओघळ आले. दाराखाली तीन, मेणबत्तीवरून मेण उतरतं तसे. ओली गाडी आत आणता येत नाही. म्हणून खिडकी घट्ट बंद केली, बाहेरच्या गॅलरीत उभी राहिले आणि काचेसमोर धरली. तो उठून बसला. हाताने खुणा करून सांगत होता — लांबून मार, हात थांबवू नकोस, चालता ठेव. पलंगावर बसल्या बसल्या त्याने हवेत हात फिरवून दाखवला. डावीकडून उजवीकडे, एका उंचीवर. मनगट जराही वाकलं नाही.

मी काचेबाहेर तसाच हात फिरवला. समोरच्या गॅलरीतली बाई बघत होती. बघू दे.

रंग सगळा उतरवला. पुन्हा पहिल्यापासून.

१३ मार्च

जमतंय. हात चालता ठेवते.

१६ मार्च

आज बाथरूमपर्यंत जाता आलं नाही त्याला. मी धरून नेलं. लहानपणी मीच न्यायची. तो तिकडे तोंड करून रडला, मी इकडे. बाहेर आल्यावर दोघंही गाडीच्या चाकांबद्दल बोललो.

२२ मार्च, रविवार

झाली!

बरेच दिवस गच्चीवर हवेला ठेवली होती. आज नाक लावून लावून पाहिलं, वास नाही. खाली आणली आणि त्याच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवली. मी खिडकीचा पडदा सारला. ऊन पडलं आणि तो रंग खरंच आतून पेटला. बसकी, रागीट, मागची चाकं फुगलेली, इंजिन उघडं. इतक्या वर्षांत माझ्या हातून कवळ्याच झाल्या, लोकांच्या तोंडात जाऊन दिसेनाशा होणाऱ्या. ही दिसत होती.

तो अंगठा छपरावरून, दारावरून फिरवत राहिला. डाव्या दाराखाली थांबला. तिथे रंग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत राहिलाय, मला माहीत आहे. अंगठा पुढे गेला, पुन्हा तिथे आला. पण सांगितलं नाही त्याने. पहिल्यांदाच माझी चूक सांगितली नाही, आणि तेच मला लागलं.

मग म्हणाला, "सुंदर झालीये, ताई." थोड्या वेळाने, स्वतःशीच — "मोठ्या पत्र्यावर कसा दिसेल."

२५ मार्च

तीन दिवस शांत आहे. चिडचिड नाही, खोकलाही कमी. गाडी उशीजवळ असते. मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

२७ मार्च

लॅबमध्ये गॅरेजच्या मालकाचा फोन आला. धाकटा गॅरेजात आलाय म्हणाला, रिक्षा करून, रिक्षावाल्याच्या खांद्याचा आधार घेत, दवाखान्याला जाताना न्यायचा छोटा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन. मी तशीच धावले. सिलिंडर रंगाच्या खोलीबाहेर ठेवलेला. मालक रडवेला झाला होता — ऐकलं नाही हो त्याने, पाया पडायला लागला. दाराच्या काचेतून पाहिलं, आत भंगारातलं एक बॉनेट टांगलं होतं. सोनेरी मारून झाला होता, आता त्याचा लालचा हात चालला होता. डावीकडून उजवीकडे, एका उंचीवर. तोंडावर मास्क नव्हता. मालकाने कडीला हात घातला. "दार उघडू, ताई?"

मी म्हटलं, "आत्ता नको. रंग ओला आहे, धूळ बसेल."