बाईंचा डबा

बाई, काल आमच्या वस्तीतून त्या दोन पोरी गेल्या. तुमच्याच मिशनच्या. उन्हाळाभर समाजमंदिराच्या ओट्यावर लेकरांना गाणी शिकवली, म्हाताऱ्यांचं बीपी तपासलं, आणि निघताना धाकटी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, पुण्याला चाललीस, सासरी न्हाई." तर हसली आणि आणखीच रडली. "आजी, रिक्षापर्यंत तरी चला," म्हणाली. गेले. गुडघे बोंबलत होते तरी गेले. घरी आले, नातीची वही ओढली आणि लिहायला बसले. चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही गेलात तेव्हा मी दारातसुद्धा आले नव्हते, ते लिहायचं आहे. तुम्हाला देवाघरी जाऊनही आता लई वर्षं झाली. पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, पण लिहून तरी होईल.

मिशनची बाई आली म्हणजे बाटवायला आली, असं सासूचं म्हणणं. मला बाटायलाही सवड नव्हती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, सकाळपासून बिड्या वळायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहून विचारलंत, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" मी म्हणाले, "करा, पण उजेड अडवू नका." तुम्ही बाजूला सरकलात आणि तिथेच डोळे मिटलेत. दुसरी कोणी असती तर पुन्हा फिरकली नसती. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात आणि आधीच बाजूला उभ्या राहिलात.

मग मला ताप भरला. चार दिवस माल गेला नाही तर कारखान्यातून नाव कटायचं, आणि आमचे घरचे मालक तर तेव्हा कामाला सुरतेला गेलेले. मी गोधडीत कुडकुडतेय आणि तुम्ही माझं सूप मांडीवर घेऊन बसलात. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. तुमची पहिली बिडी बघून मला तापात हसू आलं. सातव्या महिन्यातली बाई दिसत होती. मी म्हटलं, "बाई, ही ओढायची का हिचं बारसं घालायचं?" सासू कोपऱ्यातून बोललीच, "तुमच्या देवाला तंबाखू चालती का वो?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ओढलेली न्हाई चालत, मावशी. आजारी बाईचं काम केलेलं चालतंय." तिसऱ्या दिवसापर्यंत तुमच्या बिड्या बऱ्यापैकी सडपातळ झाल्या. माझं नाव राहिलं. रोज येताना तुम्ही स्टीलच्या डब्यात ताकातल्या कण्या आणायच्या आणि मी खाईपर्यंत हलायच्या नाहीत.

ताप उतरला तसं तुम्ही मला शिकवायला धरलंत. पान कापून उरलेले तुकडे घ्यायचे आणि त्यावर खिळ्यानं अक्षर काढायचं. मी दुसरीतून काढलेली पोर. म्हटलं, "मला कशाला? चुलीला वाचून दाखवू?" तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर चिडलात. "तोंड एवढं चालतं आणि हात अडतो व्हय? जूनमध्ये लेकीला शाळेत घालशील तेव्हा अंगठा देशील का?" झोंबलं. त्या उन्हाळ्यात मी माझं नाव शिकले, मग लेकीचं, मग जे दिसेल ते वाचायला लागले. जूनमध्ये मास्तरापुढं सही केली. त्यानं पेन परत मागितलं तर म्हटलं, थांबा, आणखी एक करते.

पण ते बघायला तुम्ही नव्हतात. मे संपता संपता तुम्ही जामखेडच्या एसटीनं निघालात. सगळ्या बायका जमल्या. कोणी नारळ दिला, कोणी बांगड्या चढवल्या. मी घरामागच्या पत्र्याआड सूप घेऊन बसून राहिले. तुमचा डबा माझ्याकडे होता, आणि कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमची रीत. तुम्ही दाराशी आलात. सासू माझी वकिली करत म्हणाली, "ती माल द्यायला गेलीय."  तुम्ही म्हणालात, "डबा तिलाच राहू दे, म्हणावं." आणि तुमच्या चपलांचा आवाज लांब गेला. मी त्या दिवशी एकही बिडी धड वळली नाही.

पुढे तुम्ही वारल्याचं कळलं, तेही दोन वर्षांनी, बाजारात भेटलेल्या एका बाईकडून. तिला मी सांगितलं, तेव्हा घरात डब्यात घालायला काही नव्हतं म्हणून मी लपले. लेकीलाही तेच सांगितलं, सुनेलाही. सगळ्यांना पटतं. गरिबी सगळ्यांना पटते.

काल ती पोर रिक्षात बसताना म्हणाली, "आजी, दिवाळीला येऊ." येईल न येईल. मी हात हलवला, उभी राहिले, रिक्षा वळेपर्यंत उभी राहिले. तुमच्या वेळचं राहिलेलं तिथे करून घेतलं म्हणा.

हा कागद वहीतच राहील. आता तुमच्याशी काय खोटं बोलायचं. त्या दिवशी मडक्यात गुळाचा चांगला मोठा खडा होता. डबा माझ्याकडे राहिला तर न्यायला तरी याल, असं मी धरलं होतं. तुम्ही राहू दे म्हणालात, आणि पत्र्यामागं बसून मी तुम्हाला शिवी दिली.