टेकूचे दिवस

१४ ऑक्टोबर, मंगळवार
बोटीवर, दुपारी साडेचार

प्रिय धाकट्या,
तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. तुझा गुडघा आता कसा आहे? माझं पत्र बघून दचकला असशील. लग्नपत्रिकेखेरीज आपल्या दोघांत कागद गेला-आला त्याला किती वर्षं झाली, मोजवत नाही.

मुलगा आणि सूनबाई हट्टाने मला या क्रूझवर घेऊन आलेत. बोट कसली, तरंगतं गावच आहे! पहिल्या दिवशी मी माझीच खोली तीनदा चुकलो. जेवायला इतके प्रकार, की ताट भरता भरताच भूक मरते.

आज सकाळी बोट एका बंदराला लागली. संध्याकाळी सहापर्यंत मोकळीक. मुलाला दुकानं बघायची होती. मी म्हटलं, "मला चालू द्या नुसतं." सूनबाई माझ्याबरोबर आली. गल्ल्या चढणीच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. दम लागला म्हणून एका मोठ्या दारातून सावलीला आत शिरलो, आणि धाकट्या, माझे पायच खिळले.

आत बाजार होता. फळांचे, चपलांचे, भांड्यांचे गाळे. पण त्यांच्यावर अख्खं आभाळ दगडात बांधलेलं! मधे एकही खांब नाही. कमानीवर कमान, त्यांच्या खांद्यावर घुमट, वर उडणारी कबुतरं माशीएवढी दिसत होती. गिलावा नाही, रंग नाही, सांध्यात नख शिरणार नाही. चाळीस वर्षं गवंडीकामात थापी चालवली मी, आणि त्या छताखाली पहिल्या दिवशी कामावर आलेल्या पोरासारखा आ वासून उभा राहिलो. मान दुखायला लागली तरी नजर खाली येईना. सूनबाई म्हणाली, "बाबा, बसा तरी!" मला बसवेना. कुणीतरी देवासमोर पाय पसरायला सांगितल्यासारखं वाटलं.

एका कोपऱ्यात दुरुस्ती चालली होती. नवी बसवलेली कमान, खाली लाकडी टेकू. गवंडी एक बाई होती, माझ्याच वयाची, केसांवर चुन्याची पांढरी धूळ. भाषा कळेना, पण माझे हात बघून ओळखलं तिने. हातोडी पुढे केली. मी दगडावर हलकेच ठोकून कान लावला. ठणठणीत! ती हसली. मी खुणेनं विचारलं, टेकू कधी काढणार? तिने फळीवर खडूने मारलेल्या रेघा दाखवल्या, दिवसाला एक. एकोणीस होत्या. मग तिने मान हलवली आणि तळहात दाखवला. अजून नाही. थांबायचं.

इतकंच झालं. पण मी तिथल्या पोत्यावर मटकन बसलो. सूनबाई घाबरली. "बाबा, छातीत दुखतंय का?"
"नाही गं. एक खोटं बोललोय मी. एकतीस वर्षांपूर्वी."

जे तिला सांगितलं, ते आधी तुला सांगायला हवं होतं. शाळेच्या ओसरीची मोठी कमान तू बांधलीस आणि बायकोच्या बाळंतपणाला गेलास. जाताना बजावलंस, "दादा, दोन आठवडे टेकूला हात लावू नकोस." मी चौथ्या दिवशी काढला. फळ्या दुसऱ्या कामावर हव्या होत्या, मजूरही तिकडेच हलवले. तू यायच्या आदल्या दिवशी कमान खाली आली. रविवार होता म्हणून पोरं वाचली. तुला म्हणालो, "कालच, दोन आठवडे भरल्यावर टेकू काढला." हेडमास्तर सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तुझा हात कच्चा आहे." मी शेजारी उभा होतो. गप्प.

त्यानंतर तू थापीला हात लावला नाहीस. गिरणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहिलास. लोक म्हणाले, भावाभावांत वाजलं. वाजलं काहीच नव्हतं. तुझ्यासमोर यायची मला लाज वाटायची, म्हणून मीच तुला टाळत गेलो.

आज त्या घुमटाखाली एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. ओल्या सांध्यांवर, टेकू नसताना, तुझी कमान दहा दिवस उभी राहिली. दहा दिवस! माझ्या हाताची चौथ्या दिवशीच कोसळली असती. एवढं नेमकं काम करणारा माणूस मी फाटकावर उभा केला.

मुलालाही आत्ताच सगळं सांगितलं. त्याने कागद-पेन माझ्यापुढे ठेवलं. मग एवढंच म्हणाला, "काकांना लिहा." हे पत्र सूनबाई आत्ताच बंदरावरच्या टपालात टाकायला नेते आहे. माझ्याजवळ राहिलं तर मी फाडेन, मला मी माहीत आहे.

एकवीस तारखेला बोट परत येईल. मी घरी न जाता सरळ तुझ्याकडे येईन. आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. हेडमास्तर अजून आहेत. त्यांच्याकडेही जाणार आहे, तू आलास तर तुझ्याबरोबर, नाहीतर एकटा.

कमान पक्की होती. कच्चा निघाला तो
तुझा दादा