काखेतला डबा

आर्मिडेल, बुधवार

लाडक्या डॅडला मॉर्वेनचा गोड पापा,

मी मजेत आहे, तू दिलेला कोट रोज घालते.

मेंढीने खाणं टाकलं की तू धडधाकट मेंढीच्या तोंडातून रवंथाचा गोळा काढायचास, काखेत धरून आणायचास आणि तिला भरवायचास. मी ‘शी!’ म्हणायचे.

काल कॉलेजात मेंढीच्या पोटातल्या रसाचा थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. गवत पचवायला हातभार लावणारे इवलेसे केसाळ जीव नुसते धावत होते! मी चहा पिऊन येईतो रसाची बाटली गार झाली आणि सगळे थिजले. बाई ओरडल्या, “गारठले की मरतात गं! काखेत तरी धरायचीस!”

टिलीआत्या म्हणते, आई गेल्यापासून तू उभ्यानेच दोन घास गारढोण खातोस. खरं का?

शनिवारी स्टू घेऊन येतेय. बसमध्ये डबा काखेतच धरेन. ‘शी!’ म्हणायचं नाही.

तुझीच,
मॉर्वेन