वाऱ्यात धरलेला कंटेनर

दि. १९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. घरी आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा हल्ली कमी कुरकुरतो. राहिलेली कुरकुर ती स्वतः भरून काढते.

आधी हसून घे. विमानतळाच्या मालगोदामात बसून मी तुला चिडवायचो, "तुमच्या बोटी म्हणजे गोगलगाई, आमचा माल आभाळातून जातो!" ते माझं विमान आता जमिनीवर आलंय. हवाई भाडं परवडेना, तेव्हा व्यापाऱ्यांनी कपडे, यंत्रांचे सुटे भाग, सगळं बोटींकडे वळवलं. आमच्याकडे उरली औषधं आणि फुलं. अर्ध्या गोदामाला कुलूप लागलं. तुमच्याकडे मात्र बोटींना धक्का मिळेना इतकी गर्दी. मी अर्ज केला. मागच्या महिन्यापासून तुमच्याच बंदराच्या फाटकावर आहे.

तू हसशील म्हणून कळवलं नाही, असं लिहिणार होतो. पण खरं कारण वेगळंच आहे. मी घरी पोचलो की आई रोज विचारते, "दिसली का?" आणि वर तंबी, "तिला यातलं काही कळता कामा नये."

मंगळवारी सोसाट्याचा वारा सुटला, तेव्हा मी कॅन्टीनच्या गच्चीवर होतो. तुझ्या क्रेनला टांगलेला कंटेनर झोके घेऊ लागला. खाली बोटीवर दोन कामगार अडकलेले. तू मात्र घाई केली नाहीस. झोक्याच्या कलानं घेत घेत कंटेनर माणसांवरून बाजूला, बोटीपलीकडे पाण्यावर नेलास आणि वारा पडेपर्यंत तिथेच धरून ठेवलास. मग अलगद धक्क्यावर टेकवलास. शेजारचा मुकादम म्हणाला, "बाई कसली, पहाड आहे!" मी म्हटलं, "माझी बहीण आहे."

गच्चीवर माझ्याबरोबर आईही होती. माझी नवी जागा बघायला आली होती. तू पहिल्यांदा क्रेनवर चढलीस तेव्हा "आता या घराची पायरी चढू नकोस" म्हणणारी तीच आई. कठडा घट्ट धरून उभी होती. कंटेनर टेकला तशी म्हणाली, "लहानपणी तू तिच्या कडेवर झोपलास की तुला असंच खाली ठेवायची ती. कधी जागा झाला नाहीस."

मग कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिली.

रविवारी घरी ये. आत्ता ती शेजारीच बसली आहे. मी विचारलं, "तुझ्याकडून काय लिहू?"

"काही नको. खाली तुझ्या नावाशेजारी मलाही घाल."

तुझा धाकटा,
आणि तुझी आई