कुणाचं वावडं कुणाच्या कार्डावर

३ मार्च
पुन्हा तेच! मांजरीच्या कार्डावर पेनिसिलिनचं वावडं. मालकीणबाई म्हणतात, तिला असलं काही नाही. आठवड्यातली तिसरी चूक.

जनावरांच्या दवाखान्याचा हा प्रोग्राम मी सहा महिने खपून लिहिला. तो चुकत नाही. नोंदणीच्या बाई चुकतात. किंवा मुद्दाम चुकवतात.

४ मार्च
सकाळी तपासलं. प्रोग्राम बंद करून चालू केला, एक कुत्रा भरला. कार्ड चोख. पुन्हा बंद, पुन्हा चालू, एक ससा. तेही चोख. दुपारी बाईंनी भरलेल्या पोपटाला मात्र दुधाचं वावडं! पोपटाला दूध पाजतं कोण?

बाई म्हणाल्या, “अहो, मी तिथे काहीच भरलं नाही. सगळ्यांची यादी एकच तर होत नाही ना?”

मला हसू आलं. म्हटलं, नावं वेगळी येतात, वजनं वेगळी येतात, मग वावडीच तेवढी एकत्र कशी होतील? त्यांनी आपला खण लोटून बंद केला. का बंद केला?

५ मार्च
घरी ही म्हणते, “दारावरची घंटा वाजली तरी तुला संशय येतो.” येतो. बऱ्याचदा खराही निघतो.

७ मार्च
सापडलं! बाई जेवायला गेल्या तेव्हा त्यांचा खण उघडला. आत कागदी कार्डं, गेल्या महिन्यापासूनची. रोजच्या तारखेची, वेळ घालून. म्हणजे यंत्राला बदनाम करायचं आणि जुनी पद्धत परत आणायची! एरवी स्टेपलर मागतानासुद्धा किती गोड बोलतात.

१० मार्च
वाईट झालं. जखमी कुत्र्याला डॉक्टरांनी कार्ड बघून नेहमीचं इंजेक्शन दिलं नाही. वावडं लिहिलं होतं, ते त्याचं नव्हतंच. जखम चिघळली. पाय वाचेल असं वाटतं.

डॉक्टर भडकले. मी खणातली कार्डं त्यांच्या टेबलावर ठेवली. “खात्री आहे?” “शंभर टक्के.”

बाईंची एकवीस वर्षांची नोकरी, अर्ध्या तासात आवरली. बाई कुणाशी भांडल्या नाहीत. जाताना मला म्हणाल्या, “कार्डं टाकू नका. कामाला येतील.” टोमणा कळतो मला.

११ मार्च
आज नोंदणीला मीच. पहिली तीन जनावरं नीट. चौथं कासव, आणि कासवाला पेनिसिलिनचं वावडं!! मीच भरलं होतं, माझ्या हातांनी. कार्ड फाडून खिशात घातलं.

बाईंनी जाता जाता प्रोग्राममध्ये काही करून ठेवलं असेल का? पण त्यांना पासवर्ड कुठे माहीत होता!

१२ मार्च
कागदी कार्डं वेळेच्या क्रमाने टेबलावर मांडली आणि शेजारी यंत्राची. कागदावर एकही चूक नाही. यंत्राच्या कार्डावर, त्या दिवशी आधी आलेल्या जनावरांची वावडी. मांजरीच्या आधी पेनिसिलिनवाला कुत्रा. पोपटाच्या आधी दूध न पचणारं पिल्लू.

मग माझी ओळ बघितली. वावड्यांची रिकामी यादी मी ‘प्राणी’ या क्लासवरच, म्हणजे सगळ्या जनावरांच्या सामाईक साच्यावरच, लिहून ठेवली होती, एकदाच. प्रत्येक जनावर तयार होताना त्याची वेगळी करायला हवी होती. नाव, वजन जनावराला द्यावं तसं त्याचं स्वतःचं होतं, म्हणून ती बरोबर. यादीत मात्र आपण नुसती भर घालतो, आणि भर पडते ती सगळ्यांच्या त्या एकाच यादीत. प्रोग्राम बंद केला की यादी कोरी. मी दरवेळी बंद करून एकच जनावर तपासत होतो! बाई दिवसभर एकापाठोपाठ एक भरत होत्या. त्यांनी तर मला सांगितलंही होतं. मी हसलो होतो.

लाज वाटते. जेवण गेलं नाही. हिला सांगितलं तर एवढंच म्हणाली, “आता त्यांना कधी बोलावणार?”

ओळ दुरुस्त केली. उद्या पहिलं काम, डॉक्टरांना सगळं सांगायचं. बाईंना परत आणायचं.

१३ मार्च
सकाळी डॉक्टर घाईत होते, म्हटलं संध्याकाळी सांगू. दिवसभरात चाळीस कार्डं, एकही चूक नाही. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. “बघा! बाई गेल्या आणि चुका थांबल्या. तुमचा संशय खरा निघाला.”

मी मान डोलावली.