पांढरं कार्ड

सोमवार, ४ मार्च
आज सकाळी लवकर आंघोळ केली, देवाला हात जोडले आणि उंदरांच्या खोलीत कामावर रुजू झालो. पन्नाशीला टेकल्यावर दाजींनी इथे चिकटवून दिलं. राहायचंही त्यांच्याकडेच, थोरल्या ताईच्या हातचं जेवून. वाळूमाशी चावली की परजीवी अंगात शिरतात, कातडीवर व्रण पडतात. त्यावर इथे लस शोधतात. पिंजऱ्याला पिवळं कार्ड म्हणजे उंदराला लस. पांढरं म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. आठवड्यानं सगळ्यांनाच परजीवी टोचायचे, मग दर सोमवारी व्रण मोजायचा. नोंद फक्त कार्डावर. कार्ड गेलं की उंदीर फुकट. नव्या माणसाला लस देतातच म्हणत दाजींनी माझ्याही दंडात सुई दिली, दुसरी पुढच्या सोमवारी. वर म्हणाले, उंदीर हूं की चूं करत नाहीत, तू मात्र देवाला कामाला लावलंस.

सोमवार, १ एप्रिल
दंडावर पुटकुळी आली. ताईनं शिवणकामाच्या टेपनं आधी मोजली; पट्टी केवढी कापायची ते कळतं म्हणे. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. हिचा हात लागला की अर्धं दुखणं पळतं.

सोमवार, १५ एप्रिल
पुटकुळीचा व्रण झाला. मध्ये खड्डा, कडा उचललेल्या. असे व्रण मी रोज बघतो, पांढऱ्या कार्डांच्या उंदरांवर. दाजी म्हणाले, चावला असेल एखादा. मला एकही चावलेला नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल
कोरी कार्डं घ्यायला दाजींचं कपाट उघडलं. एक पांढरं कार्ड भरलेलं. क्रमांक २०१. नर. वय ४९. खाली दर सोमवारचं माप: ३, ६, ९, १४. अक्षर ताईचं. शेवटची ओळ दाजींची: २९ एप्रिल, प्लीहा काढून तपासणे. उंदराची प्लीहा काढतात ती त्याला गॅसच्या पेटीत घालून झाल्यावर—

शनिवार
ताईला विचारलं. रडली नाही. उंदरांवरून माणसाचं नक्की कळत नाही म्हणाली, कुणीतरी लागतंच, आणि तुझ्यामागे आहे कोण? मग पट्टी बदलू दे म्हणाली. सवयीनं मी हात पुढे केला.

सोमवार
सगळ्यांच्या आधी आलो. आतून कडी. देवाचं नाव घेतलं, दोनशे पिंजऱ्यांची कार्डं काढली, पिसली, हाताला येतील तशी लावली. लस कुणाला, पाणी कुणाला, आता त्यालाच ठाऊक. बाहेर दाजी शिव्या घालतायत. ताई लाडानं हाक मारतेय— कडी हलतेय. हलू दे. तुलना करायला काहीच उरलं नाही. आता मला कापूनसुद्धा यांना—